नदीची जुनी दप्तरं: नव्यानं येणाऱ्यांसाठी

बेळगावकडच्या नद्यांच्या अभ्यासाला आलेली मुलं आधी तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरायला धावतात. माझा आग्रह, आधी जुनी दप्तरं बघा. नदी बिघडली म्हणताना, कशाच्या मानानं ते सांगता यायला हवं.

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईकडे होता, म्हणून बरेच कागद मुंबई-पुण्यात. रायबाग कोल्हापूर संस्थानात, शहापूर सांगलीकडे. म्हणजे हिंडणं आलंच. मोडी शिका, आणि कन्नड वाचायचा कंटाळा करू नका. भाषेचं राजकारण बाहेर ठेवून या.

खरी मेख महसुलाच्या कागदांत आहे. ते लिहिणाऱ्याला नदीशी देणंघेणं नव्हतं, शेतसाऱ्याशी होतं. त्यामुळे पिकणारी मळई नेमकी सापडते, पण ओढा पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीत, ढकलून मोकळा. कागदात डोह दिसला नाही म्हणजे डोह नव्हताच, असं लिहू नका. जुन्या एक इंची (मैलाला एक इंच) नकाशावर आजचा १:५०,००० चा नकाशा ठेवलात की पात्र सरकलेलं दिसेल. मात्र मोजणी बहुतेक उघडिपीत होई. ती रेघ पावसाळ्यातल्या नदीची नव्हे.

दुसरं, जुनं म्हणजे नैसर्गिक नव्हे. घटप्रभा नदीचंच बघा. १८८० च्या दशकात गोकाकच्या गिरणीनं धबधब्याचं पाणी वापरात आणलं, धुपदाळचा बंधाराही १९०० च्या आधीचा. हिडकलचं धरण त्यानंतर कितीतरी वर्षांनी. १९२० चा नकाशा हाती आला म्हणून ती अस्पर्श नदी ठरत नाही. जिल्ह्याचं गॅझेटियर १८८४ चं, म्हणून तिथे ते जास्त कामाचं. मलप्रभेला तुलनेसाठी कणकुंबीकडचा वरचा भाग घ्या. नविलतीर्थाच्या खालचं पाणी धरणाच्या दारांच्या मर्जीवर चालतं.

मासे विचारायला अंबी-कोळ्यांकडे जा, पण वय विचारून. चिलापी (तिलापिया मासा) आपल्या देशात आणली १९५२ मध्ये. सत्तरीतले मामा 'चिलापी पहिल्यापासूनच आहे' म्हणाले, तर ते खोटं बोलत नाहीत. त्यांचं 'पहिल्यापासून' तेवढंच मागं जातं. रोहू-कटलाही मूळचे गंगेकडचे, इथं सोडलेले. स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ असलेल्या डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञांबद्दल हेच मांडलं: प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातली स्थितीच मूळ धरते.

अहवाल लिहिताना नदीच्या प्रत्येक टप्प्यापुढे पुरावा कुठल्या सालचा, कुणी कशासाठी लिहिलेला, आणि तेव्हा वर बंधारा होता का, हे एका रकान्यात टाका. साहेब पानं कमी करायला सांगतील. तो रकाना काढू नका.