शूटिंग क्लबचा खुला दिवस: पुण्यात परवानगी कशी काढावी

नेमबाजी क्लबनं बाहेरच्या लोकांसाठी आपली रेंज (नेमबाजीची जागा) एक दिवस खुली करायचं म्हटलं, की ‘एअर रायफलला लायसन्स लागत नाही, मग परवानगी कसली?’ असा सल्ला देणारे सगळीकडे भेटतात. कार्यक्रमाच्या दिवशी गेटवर पोलिसांची गाडी थांबली की मात्र त्यांचा फोन लागत नाही. 4.5 मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या), 20 ज्यूल ऊर्जेच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे खरं. पण ती सवलत बंदुकीला आहे. तुम्ही बोलावलेल्या गर्दीला नाही.

पहिलं काम, हद्द ठरवा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड (2018 पासून वेगळं आयुक्तालय) की पुणे ग्रामीण? पहिल्या दोन ठिकाणी शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे. जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका.

मग तारीख. गणपती, पालखी आणि आचारसंहिता सोडून कुठलीही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदी आणि जमावबंदीचे आदेश आपल्याकडे वरचेवर निघतात. तुमच्या तारखेला तसा आदेश लागू असेल, तर त्याचा उल्लेख अर्जात तुम्हीच करा आणि त्या दिवसापुरती परवानगी मागा. तो आदेश आधी साहेबांनाच टेबलावर सापडला तर अर्ज बाजूला पडतो.

आता खरी मेख, म्हणजे अर्ज. नव्वद टक्के लोक इथेच अडकतात आणि दोष मात्र खात्याला देतात.

नमुना म्हणून फिरणाऱ्या अर्जात विषय असतो ‘शस्त्र प्रदर्शन व नेमबाजी प्रात्यक्षिकाबाबत’. हे वाचून कुठला ठाणे अंमलदार स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाईल? फाईल परवाना शाखेकडे जाते, तिथून ‘अभिप्राय मागवला आहे’ म्हणून ठाण्यात परत येते, ठाणं म्हणतं वरून काही आलं नाही, आणि तुमचा रविवार उलटून जातो. एका ठाण्यात आमचाच अर्ज असा पडून होता; त्यावर शेरा एकच, ‘शस्त्रांचा तपशील स्पष्ट नाही’. शेरा रास्त होता.

विषय असा लिहा: ‘दहा मीटर एअर रायफल व एअर पिस्तूल या क्रीडाप्रकाराची नागरिकांना ओळख करून देण्याच्या कार्यक्रमास परवानगी मिळणेबाबत.’ यात लपवाछपवी काही नाही, कारण खाली दोन तक्ते येतात. पहिल्यात पाहुण्यांच्या हातात जाणाऱ्या एअर रायफली आणि पिस्तुलं: कंपनी, अनुक्रमांक, बोअर, परवानामुक्त असल्याची नोंद. दुसऱ्यात क्लबची परवान्यावरची शस्त्रं आणि त्यापुढे स्पष्ट वाक्य: ‘सदर शस्त्रे कार्यक्रमाच्या दिवशी शस्त्रागारात कुलूपबंद राहतील.’

या दुसऱ्या तक्त्यावर माझं मत ठाम आहे. ‘निदान पॉइंट टू-टूचं प्रात्यक्षिक तरी दाखवू, लोकांना आवाज आवडतो’ असं म्हणणारा एकतरी सभासद निघतोच. पॉइंट टू-टू म्हणजे 0.22 इंच बोअरची, काडतुसाची, परवाना लागणारी रायफल; 50 मीटरचा प्रकार तिच्यावरच खेळतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकल्यापासून तर हा हट्ट वाढलाय. उत्साह समजतो, पण नाही म्हणा. क्लबच्या परवान्यात सभासदांचा सराव बसतो. सहज फिरायला आलेला पाहुणाही त्यात बसेल, असं गृहीत धरू नका. शिवाय अग्निशस्त्र बाळगायला कायद्यानं 21 वर्षं पूर्ण लागतात आणि खुल्या दिवशी येणारे निम्मे शाळकरी असतात. पॉइंट टू-टू अर्जात आली की अख्खा अर्ज त्या एका ओळीभोवती फिरतो.

जोडायची कागदपत्रं नेहमीचीच: क्लबचं नोंदणीपत्र, परवान्याची प्रत, प्रशिक्षकांची यादी, हमीपत्र. रेंजचा नकाशा मात्र हातानं काढलात तरी चालेल, पण नेम कुठल्या दिशेला, मागची भिंत कशाची आणि लोक कुठल्या दोरीमागे उभे राहणार हे बाणांनी दाखवा. अर्ज आयुक्तालयात (ग्रामीण हद्दीत जिल्हाधिकारी कार्यालयात) द्या, प्रत ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना, आणि दोन्हीकडे स्थळप्रतीवर (तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ याला पोच म्हणत नाहीत.

स्थळपाहणीला हवालदार येतील तेव्हा चहापाण्यात वेळ घालवू नका, सरळ रेंजवर न्या. त्यांचा प्रश्न ठरलेला: “गोळी भिंतीपलीकडे गेली तर?” टार्गेटच्या मागच्या पेटीतून एक वापरलेला छर्रा काढून त्यांच्या तळहातावर ठेवा. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा, आपटून पापडासारखा चपटा झालेला शिशाचा तुकडा. “एवढंच, साहेब?” असं बहुतेक जण विचारतातच. मग दोरी, सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी आहे हे दाखवायला नळीत घालायची रंगीत पट्टी) आणि एका रायफलमागे एक प्रशिक्षक ही व्यवस्था दाखवा. अहवाल त्यांनाच लिहायचाय. त्यांना जे दिसेल तेच त्यात उतरेल.

स्पीकरची परवानगी वेगळी घ्या. रस्त्यावर मांडव येणार असेल तर महापालिकेची. ॲम्ब्युलन्स सांगून ठेवा.

मुलांबाबत नियम अर्जातच लिहून टाका: बारा वर्षांखाली फक्त बघायचं, अठराखाली पालकांची सही. स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते, त्यामुळे किरकोळ पोरांना स्टँडवर टेकवूनच मारू द्या. छर्रे हाताळले की साबणानं हात धुवायला लावा आणि वडापावचा स्टॉल रेंजपासून लांब ठेवा. शिसं पोटात जाण्याची वाट हीच असते.

कार्यक्रम झाला की दोन दिवसांत ठाण्यात एक पत्र द्या: किती लोक आले, काही अनुचित घडलं नाही, सर्व साहित्य मोजून परत ठेवलं. त्याचीही पोच घ्या. पुढच्या वर्षीच्या अर्जात ‘संदर्भ 1’ म्हणून तेच टाकायचंय.