कानाचं मशीन बदलायचंय? दुकानात जाण्याआधीची तयारी

पहिलं मशीन घेताना आपण काहीच विचारत नाही. घरचे हाताला धरून नेतात, समोरचा माणूस कानात काहीतरी बसवतो, एकदम पंख्याची घरघर ऐकू येते आणि त्या आनंदात आपण चेक फाडून मोकळे होतो. माझंही सहा वर्षांपूर्वी हेच झालं. दुसऱ्या जोडीच्या वेळी तेवढं भोळं राहून चालत नाही. आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत सध्या तिघांना मशीन बदलायचंय, आणि तिघांचा प्रश्न एकच: "ब्रँड कुठला घेऊ?" माझं म्हणणं असं की हा प्रश्न चौथा किंवा पाचवा आहे. त्याच्याआधी करायची कामं घरातच आहेत.

सगळ्यात आधी एक लहान वही घ्या आणि आठवडाभर फक्त फसलेले प्रसंग लिहा. "ऐकू कमी येतं" असं लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. कुठे, कोण बोलत होतं, मागे कसला आवाज होता, हे लिहा. माझ्या वहीत असं निघालं: सानंद या आमच्या मराठी संस्थेच्या नाटकाला मागच्या रांगेत बसलो की हशा झाल्यावरचं पुढचं वाक्य हरवतं. नात फोनवर बोलते तेव्हा अर्धं बोलणं सून पुन्हा सांगते. कुकरची शिट्टी आणि पाठमोरी बायको एकत्र आले की मी नुसता "हो" म्हणतो, आणि मग भोगतो. आणि भाजीच्या ठेल्यावर भाव साठ सांगितला तर मला आठ ऐकू येतो. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, सगळं दुखणं त्यातच आहे. "आ" सारखे स्वर जाड आणि मोठे असतात, ते कानात शिरतात. स, श, फ, ख ही मंडळी बारीक आणि वरच्या पट्टीतली. वयानं उतरणारा कान आधी तीच पट्टी सोडतो. म्हणून आवाज येतो, शब्द कळत नाही. नवं मशीन चांगलं की वाईट हे याच "साठ-आठ" वर ठरवायचं आहे, तेव्हा वही जपून ठेवा.

मग कान साफ करून घ्या, ईएनटी डॉक्टरकडून. काडी आणि हेअरपिन दोन्ही वर्ज्य. मळाचा बोळा बसलेल्या कानाची चाचणी खोटी निघते आणि त्या खोट्या आकड्यांवर लाखाचं मशीन बसतं. कान वाहत असेल, चक्कर येत असेल किंवा एकच कान दुसऱ्यापेक्षा फार उतरला असेल तर तेही तिथेच सांगा. आणि एखाद्या दिवशी उठल्यावर एका कानाला अचानक ऐकू येईनासं झालं, तर मशीनचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे दिवस मोजले जातात.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, नवा काढा आणि त्याची प्रत मागून घ्या. कागद तुमचा आहे, दुकानाच्या फायलीत राहायला नको. वाचायला अवघड नाही: लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. डावीकडे २५० हर्ट्झचे जाड आवाज, उजवीकडे ८००० पर्यंतचे बारीक, आणि खूण जितकी खाली तितकी उणीव जास्त. त्याच बैठकीत शब्द ओळखण्याची चाचणीही करायला सांगा. पुरेशा मोठ्या आवाजात ऐकवूनही शंभरातले साठच शब्द ओळखता येत असतील, तर जगातला कुठलाही ब्रँड ते नव्वद करून देणार नाही. हे आधी कळलं की विक्रेत्याच्या गोड बोलण्याला लगाम बसतो. इंदूरला ही चाचणी बहुधा हिंदी शब्दांवर होते. आपण हिंदीत जन्म काढलेली माणसं, त्यामुळे बिघडत नाही, पण घरात ऐकायची आहे ती मराठी. म्हणून घरचं एक माणूस बरोबर न्या. ते मशीन लावल्यावर तुमच्याशी रोजच्या सुरात बोलेल, आणि तुम्ही विसराल ते प्रश्नही तेच विचारेल.

आता जुनं मशीन. ते घरी ठेवून जाऊ नका. त्याचं मॉडेल, तारेच्या टोकाचा रिसीव्हर (कानात जाणारा इवलासा स्पीकर) किती ताकदीचा, त्यावरच्या डोमचा, म्हणजे मऊ टोपीचा, आकार कुठला, हे एका चिठ्ठीवर उतरवा आणि जमलं तर जुन्या ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे कान तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून, त्याच्या सेटिंगचा कागद मागा. कारण सांगतो. सहा वर्षं एका आवाजाची सवय लागलेल्या मेंदूला दुसऱ्या कंपनीचा आवाज सुरुवातीला पत्र्यासारखा लागतो. मग आपण म्हणतो, छे, हे काही खरं नाही. नव्या माणसाला जुनी सेटिंग दिसली तर तो तिथून हळूहळू पुढे नेऊ शकतो. मी मात्र इथेच अडकलो. घराजवळच्या एका ऑडिओलॉजिस्टबाईंकडे जुनं मशीन नेलं, तर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडेचना. ज्या दुकानातून घेतलं होतं त्यांनी ते कुलूपबंद करून विकलं होतं, त्यांच्याशिवाय कुणी हात लावू शकत नव्हतं. घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. तेव्हा वहीच्या पहिल्याच पानावर लिहा: "हे मशीन दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुठल्याही ऑडिओलॉजिस्टकडे उघडेल का?" मुलगा पुण्याला किंवा बंगलोरला असेल तर दोनदा अधोरेखित करा.

एवढं झालं की ब्रँडकडे वळा. नावं ढीगभर दिसतात, मोठी घरं पाचच आहेत. स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाचे फोनॅक आणि युनिट्रॉन. डेन्मार्कच्या डेमंटचे ओटिकॉन आणि बर्नाफोन. फिलिप्स नावानं येणारी मशीनंही त्यांचीच. डेन्मार्कच्याच जीएनचे रिसाउंड आणि बेलटोन. २०१९ मध्ये दोन कंपन्या एक होऊन झालेल्या डब्ल्यूएस ऑडिओलॉजीचे सिग्निया, वाइडेक्स आणि रेक्सटन. आणि अमेरिकेचं स्टार्की. आपल्यातले जुने लोक अजून "सीमेन्सचं मशीन" म्हणतात. सीमेन्सनं तो धंदा २०१५ मध्ये विकला आणि पुढे तेच सिग्निया झालं, म्हणजे तुमचं जुनं सीमेन्स असेल तर ओळखीचं घर सिग्नियाचं. एकाच घरातले दोन ब्रँड समोर ठेवून "तुलना" करवत असतील तर ती एकाच बरणीतल्या लोणच्याच्या दोन फोडींची तुलना आहे. दोन वेगळी घरं मागा.

मॉडेलच्या नावातल्या, पायरी सांगणाऱ्या आकड्यांना भुलू नका. फोनॅकमध्ये ९० वरचं आणि ३० खालचं. सिग्नियात ७ वरचं, रिसाउंडमध्ये ९, वाइडेक्समध्ये ४४०, स्टार्कीत २४. आणि ओटिकॉनमध्ये नेमकं उलटं, तिथे १ सगळ्यात वरचं. शेजारचे काका "मी तीन नंबरचं घेतलं" म्हणाले तर त्याचा अर्थ ब्रँड कळल्याशिवाय लागत नाही. तुलना करताना पिढी एक हवी आणि पायरीही सारखी हवी, नाहीतर एका कंपनीचं जुनं वरचं आणि दुसरीचं नवं खालचं असा घोळ होतो. वरच्या पायरीला जास्तीचे पैसे कशाचे, हेही तोंडावर विचारा. बहुतेक गोंगाटाचे असतात: गर्दीत समोरच्याचा आवाज उचलायचा आणि बाकीचा दाबायचा. ज्याचा दिवस घरात टीव्ही आणि दोन माणसांत जातो त्याला मधली पायरी पुरते. मी मधलीच घेतली आणि वाचलेल्या पैशात समोरच्याच्या खिशाला लावायचा छोटा माइक घेतला. लग्नाच्या पंगतीत तो माइक भावाच्या खिशाला लावला, आणि गडबडीतही त्याचं बोलणं सरळ कानात आलं. महागड्या पायरीनं हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

फोन स्वतःचा न्या, दुकानातला दाखवायचा फोन नको. फोनॅकची बरीच मॉडेलं साध्या ब्लूटूथवर चालतात, म्हणून जवळपास कुठल्याही फोनला जोडली जातात. बाकीच्यांपैकी अनेक आयफोनला थेट जोडतात, अँड्रॉइडला मात्र तो फोन त्या मशीनशी जुळणारा असेल तरच. तिथेच बसून घरी एक फोन लावा, नातीशीच बोला, आणि मग ठरवा.

सेल की चार्जिंग, हे बोटांना विचारा. सेलचे रंग ठरलेले असतात: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. ३१२ चा सेल तुरीच्या डाळीएवढा. हात थरथरत असतील तर तो पाटाखाली घरंगळतो आणि घरभर शोधाशोध. चार्जिंगवाल्यात ती कटकट नाही, पण आतली बॅटरी काही वर्षांनी दमते, ती बदलायला किती पडतात ते आजच विचारून ठेवा. पावसाळा आणि घाम यासाठी आयपी६८ हे पाणी-धूळ रोखण्याचं रेटिंग पाहा, रात्री ठेवायला सुकवणीची डबी घ्या. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, मात्र कुठलंही रेटिंग असो, मशीन घरीच. गेर तशीही बिनमशीनची ऐकू येते.

आता माझ्या मते सगळ्यात वजनाची गोष्ट, आणि तिच्यावर ब्रँडचं नाव नाही. दुकानात जाण्याआधी फोन करून विचारा: "तुम्ही रिअल इअर मेझरमेंट करता का?" यात कानाच्या नळीत एक मऊ बारीक नळी सोडतात, त्यावर मशीन बसवतात आणि समोरच्या स्पीकरवर बोलणं वाजवतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन रेषा दिसतात, तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे कानाच्या पडद्याजवळ किती आवाज पोचायला हवा ती एक आणि खरोखर किती पोचतोय ती दुसरी. दुसरी रेष पहिलीवर आणेपर्यंत सेटिंग हलवायचं. हे केलं नाही तर कॉम्प्युटरनं सरासरी कानाचा अंदाज धरून बसवलेलं मशीन घेऊन आपण घरी येतो, आणि आपला कान सरासरी नसतो. मी चार ठिकाणी फोन केले. दोघांनी "त्याची गरज नसते" म्हटलं, एकानं विषयच बदलला. चौथीकडे गेलो. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, हेही विचारायला लाजू नका. मशीन विकणारा आणि कान जाणणारा हे एकच असतील असं नाही. आणि त्यांच्या हातून कुठल्या कंपनीची मशीनं जास्त बसतात तेही विचारा. ज्या सॉफ्टवेअरवर हात बसलाय त्यात ते बारीक काम करतील.

ट्रायल मागा, आणि एका वेळी एकच जोडी. एका दुपारी तीन ब्रँड कानात घालून पाहणं म्हणजे सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबी खाऊन चौथ्या ठेल्यावर चव विचारण्यासारखं आहे. एका जोडीला आठ-दहा दिवस द्या. पहिले दोन दिवस भांडी, वर्तमानपत्राची सळसळ आणि प्लास्टिकची पिशवी जीव खाईल. ते नवं असतं, निवळतं. वहीतले प्रसंग एकेक करून पुन्हा घडवा: कुकर लावून बायकोला पाठमोरं बोलायला सांगा, ठेल्यावर भाव विचारा, संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीत मित्राबरोबर चालत बोला, जमलं तर नाटकाचं तिकीट काढा. प्रत्येकापुढे बरोबर किंवा चूक एवढंच लिहा. स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमला तर बहुधा डोम बंद प्रकारचा आहे, शिट्टी वाजत असेल तर तो सैल किंवा फार उघडा आहे. दोन्ही गोष्टी तिथल्या तिथे बदलून मिळतात, त्यासाठी ब्रँड नाकारू नका.

कोटेशन कागदावर घ्या. जोडीची किंमत, चार्जर त्यात की वेगळा, वॉरंटी किती वर्षं, हरवलं तर काय, नंतरच्या किती भेटी फुकट, मळ अडवणाऱ्या जाळ्या आणि डोम कितीला. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो दिसला तर थांबून विचारा. सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) किंवा दुसऱ्या कुठल्या योजनेतून पैसे मिळायचे असतील तर नियम आधी विचारा, बिल फाडल्यावर नव्हे.

एक्स्चेंजमध्ये जुनी जोडी मागतील, देऊ नका. मिळतं फार थोडं. नवी जोडी दुरुस्तीला गेली की आठवडाभर तीच उपयोगी पडते. सेलवाली असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर गळतो. चार्जिंगवाली असेल तर महिन्यातून एकदा चार्ज करा. माझी देव्हाऱ्याशेजारच्या खणात आहे, डबीवर "जुनं" असं लिहून, कारण सुनेनं एकदा ती नवी समजून माझ्या हातात दिली होती आणि मी अख्खी सकाळ नवं मशीन बिघडलं म्हणून धुसफुसत होतो.