ट्रेकला पाणी पिताना या चुका टाळा

पावसाच्या सरी सुरू झाल्या की इंदूरकरांची पावलं जानापाव, पाताळपाणी, कालाकुंडकडे वळतात. पाणी सगळेच नेतात. चुकतं ते कधी, किती आणि कशाबरोबर प्यायचं यात.

पहिली चूक घरातच होते. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून पहाटे पाणीच प्यायचं नाही, असं ठरवून निघणाऱ्या बायका-मुली खूप. त्याऐवजी निघण्याच्या दोन तास आधी दोन पेले पाणी प्या. जास्तीचं घरीच निघून जातं.

पावसाळ्यात ढग पाहून तहान विसरली जाते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम वाहतच राहतो. चढणीवर तासाला अर्धा ते एक लिटर सहज जातो. दर 15-20 मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. अर्ध्या दिवसाला माणशी दोन लिटर, मे महिन्यात तीन. निम्मं संपलं की माघारी फिरा, शिखर कितीही जवळ दिसो.

उलट टोकाची चूक कमी ओळखली जाते आणि म्हणूनच जास्त घातक आहे. तासाला दीड लिटरच्या वर साधं पाणी ढोसलं तर मूत्रपिंडांना ते वेळेत बाहेर टाकता येत नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी रुतते. सोबतचे म्हणतात, "अजून पाणी पी." तिथेच बिघडतं. तोंड कोरडं, लघवी गडद, उभं राहताच चक्कर, तर पाणी कमी पडलंय. लघवी पाण्यासारखी स्वच्छ असून मळमळ आणि सूज असेल, तर साधं पाणी थांबवा, मूठभर शेव किंवा खारे दाणे द्या. उलट्या किंवा बरळणं सुरू झालं तर थेट दवाखाना.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटरसाठी असते, छोटी 200 मिलीसाठी. मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की मीठ दुप्पट होतं, उलटी होते, तहान वाढते. पुडीवर लिहिलेलं माप वाचा. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. इंदूरच्या सराफा बाजारातली शिकंजी परतल्यावर जरूर प्या, पण ती आटीव दूध आणि सुकामेवा आहे. चढणीच्या मध्ये ती पोटात जडच होईल.

ओढ्याचं पाणी कितीही वाहतं असलं तरी वरून गुरांचं शेण येतं. फडक्याच्या चार घड्यांतून गाळा, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा; गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही. आणि बाटली भरायला धबधब्याच्या पात्रात उतरू नकाच. जुलै 2011 मध्ये पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि उभी माणसं वाहून गेली.

कोणी उन्हात बरळू लागलं, अंग तापलं, तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. सावलीत झोपवा, कपडे सैल करून अंगभर पाणी टाका, वारा घाला आणि 108 ला फोन लावा.