शिरोडकर खरे, पण कुठल्या शिरोड्याचे? ‘कर’ आडनावावरून मूळ गाव शोधण्याची रीत

आडनावाच्या शेवटी ‘कर’ दिसलं की गाव सापडलं, असं बहुतेकांना वाटतं. शिरोडकर म्हणजे शिरोड्याचे. पण शिरोडे दोन आहेत. एक गोव्यात, फोंडा तालुक्यात, जुवारी नदीच्या बाजूला. दुसरं सिंधुदुर्गात, वेंगुर्ले तालुक्यात, आरवली-रेडीच्या शेजारी. 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तो इथे. दोन्ही गावं कोकणपट्टीतली, दोन्हीकडच्या बोलीत बरंच साम्य, आणि दोन्हीकडून बाहेर पडलेली माणसं मुंबईत, बेळगावात, कारवारात शिरोडकरच झाली. नुसत्या आडनावावरून यांतलं आपलं गाव ठरत नाही. ते ठरवायला काय लागतं, ते इथे शिरोड्याचंच उदाहरण धरून सांगितलं आहे. केरकर, बोरकर, वडगावकर, पिंपळगावकर यांनाही हीच रीत लागू पडते.

गावात ‘कर’ नसतो

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून हे आधी. शिरोड्यातच राहणाऱ्याला शिरोडकर म्हणण्याचं कारण नसतं, तिथे सगळेच शिरोड्याचे. गाव सोडून माणूस दुसरीकडे वस्तीला गेला की तिथले लोक त्याला गावावरून ओळखतात, आणि ती ओळख पुढच्या पिढीत आडनाव होते. म्हणजे ‘कर’ आडनाव सांगतं ते सोडलेलं गाव. त्यामुळे मूळ गावच्या कागदांत शिरोडकर शोधत बसलात तर बहुधा हाती काही लागत नाही, आणि लोक ‘हे आपलं गाव नव्हेच’ म्हणून परत फिरतात. तिथे शोधायचं ते जुनं आडनाव: प्रभू, नाईक, कामत, परब, जे काही असेल ते.

याची माहीत असलेली उदाहरणं बघा. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आडनाव झालं आंबेडकर. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर. होळकर हे नीरा नदीकाठच्या होळचे. मास्टर दीनानाथांच्या वडिलांच्या घराण्याला मंदिरातल्या अभिषेकाच्या मानामुळे अभिषेकी म्हणत; मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव दीनानाथांनी घेतलं.

तेव्हा पहिलं काम घरात. सर्वांत वयस्क माणसाला ‘आपलं गाव कोणतं’ एवढंच विचारू नका, ‘शिरोडकर व्हायच्या आधी आपल्याला काय म्हणायचे’ असं विचारा. जुनी लग्नपत्रिका, खरेदीखत, देवघरातल्या पोथीच्या शेवटचं पान, तांब्यापितळेच्या भांड्यांवर कोरलेली नावं, हे सगळं पाहा. भांड्यावर बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं असतात, पण त्यातलं शेवटचं अक्षर ‘शि’ नसून ‘प्र’ किंवा ‘ना’ असलं तर धागा मिळाला.

‘कर’ सोडवून गावाचं नाव काढणं

गावाच्या नावाला ‘कर’ लागताना शेवटचा स्वर बदलतो. उलट जाताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

नाव व्यंजनान्त उच्चाराचं असेल तर काहीच बदलत नाही: मालवण–मालवणकर, आजगाव–आजगावकर, कुडाळ–कुडाळकर. शेवटी ‘आ’ किंवा ‘ई’ असेल तर तो बहुतेक वेळा गळतो: शिरोडा–शिरोडकर, सातारा–सातारकर, साखळी–साखळकर, खानोली–खानोलकर, रेडी–रेडकर, गोळवली–गोळवलकर. कधी ‘आ’चा ‘ए’ होतो: वाळवा–वाळवेकर. शेवटचा ‘ए’ टिकतो, जसं पेडणे–पेडणेकर आणि वेंगुर्ले–वेंगुर्लेकर; किंवा गळतो, जसं मावळंगे–मावळंकर. आणि काही नावं यांपैकी काहीच मानत नाहीत. कुर्डी या गावावरून कुर्डकर व्हायला हवं होतं, पण गायिका मोगूबाई कुर्डीकरच.

म्हणून एका आडनावासाठी निदान तीन-चार शक्यता मांडा. ‘शिरोडकर’साठी शिरोड, शिरोडा, शिरोडी, शिरोडे असं कागदावर लिहा आणि प्रत्येकाचा शोध घ्या. जवळच्या ध्वनींची आडनावं वेगळी ठेवा: शिरोळकर शिरोळचे, शिराळकर शिराळ्याचे. मावळंकर आणि मालवणकर यांची गल्लत तर नेहमीची. लोकसभेचे पहिले सभापती मावळंकर. त्यांच्या घराण्याचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं मावळंगे, मालवणशी त्याचा संबंध नाही.

सगळेच ‘कर’ गावाचे नसतात, हेही तपासा. गावकर हा कोकण-गोव्यात गावातला मान आहे, जागा नव्हे. मानकर हे मानकरीवरून. अशा आडनावाचं गाव नकाशात शोधणं व्यर्थ.

त्या नावाची सगळी गावं एका कागदावर

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत तालुकावार गावांची यादी असते आणि 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक दिलेला आहे. तिथून नाव, तालुका, जिल्हा आणि क्रमांक उतरवून घ्या. क्रमांक लिहिण्याचा कंटाळा करू नका; पुढे दोन वडगावांचे कागद एकमेकांत मिसळले की तोच सोडवतो.

यादीत फक्त महसुली गावं असतात. वाडी, पाडा, गोव्यातला वाडो त्यात नसतो, आणि पुष्कळ आडनावं वाडीवरूनच आलेली असतात. यादीत काही सापडलं नाही तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे पाहा. त्यांत वाड्यांची नावं छापलेली असतात.

नावापुढची शेपूट वगळू नका. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही फारसीतून आलेले शब्द. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ, वडगाव शेरी ही सगळी वेगळी गावं, पण आडनाव मात्र सगळ्यांचं वडगावकर, कारण शेपूट आडनावात येत नाही. असंच आणखी एक, वडगाव निंबाळकर, फार बोलकं आहे: निंबळकवरून आडनाव झालं आणि ते आडनाव पुन्हा दुसऱ्या गावाला जाऊन चिकटलं. जिथे गावाच्या नावात आडनाव आहे, तिथे गाव आडनावाचं मूळ नसतं, ते त्या घराण्याचं वतन असण्याची शक्यता जास्त.

केरीचं तर गोव्यातच त्रांगडं आहे. पेडणे, सत्तरी आणि फोंडा अशा तीन तालुक्यांत तीन केरी, आणि तिन्हींचे केरकर.

धरणाखाली गेलेली गावंही आहेत. वर उल्लेख केलेलं कुर्डी गोव्यातल्या साळावली धरणाच्या जलाशयात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं. तिथली कुटुंबं वाडे आणि वाळकिणी इथे वसवली गेली. अशा आडनावासाठी धरणाआधीचा नकाशा आणि पुनर्वसनाच्या याद्या, दोन्ही पाहावे लागतात.

दोनांतलं आपलं कोणतं: सोयरिकींची कसोटी

कागद मिळण्याआधीच निम्मं उत्तर देणारी ही कसोटी आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. दळणवळण अवघड होतं तेव्हा लग्नं जवळपासच्या गावांत होत. म्हणून आजी, पणजी, खापरपणजी, आणि त्यांच्या जावा, यांची माहेरची आडनावं लिहून काढा. निदान सहा-सात तरी हवीत. ती नकाशावर मांडा.

माहेरं आजगावकर, खानोलकर, रेडकर, आरवलीकडची अशी निघाली तर तुमचं शिरोडं वेंगुर्ल्याचं. कवळेकर, बोरकर अशी निघाली तर फोंड्याचं, कारण कवळे आणि बोरी दोन्ही त्याच तालुक्यात. एकट्या बोरकरावर विसंबू नका, बोऱ्या अनेक आहेत; तीन-चार आडनावं एकाच टापूत पडली पाहिजेत.

बाईचं आडनाव वाचताना माहेर आणि सासर वेगळं करायला विसरू नका. अभिनेत्री मीनाक्षी शिरोडकर जन्माने पेडणेकर. दोन्ही आडनावं गावांची, पण शिरोडं त्यांच्या सासरचं.

कुलदैवत: उपयोगी, पण फसवंही

घरात नारळ कुठे ठेवला जातो, लग्नानंतर जोडपं कुठे जातं, हे विचारा. मात्र दैवताचं आजचं ठिकाण आणि घराण्याचं गाव एकच असेल असं गृहीत धरू नका. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातल्या सासष्टीतून लोकांनी देव हलवले आणि ते फोंड्याकडे, अंत्रुजात आणले. शिरोड्याची कामाक्षी मूळची राय गावची. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. त्यामुळे कामाक्षी कुलदेवता असलेलं कुटुंब शिरोड्याचंच असेल असं नाही, ते रायचंही असू शकतं. उलट शिरोडकर आडनावाच्या घराचं दैवत भलतीकडचं असू शकतं.

गोव्यातल्या देवस्थानांत महाजनांची, म्हणजे देवस्थानाशी हक्काने जोडलेल्या घराण्यांची, नोंद असते. देवस्थानच्या कचेरीत जुनं आडनाव आणि आजोबा-पणजोबांची नावं देऊन विचारा. सिंधुदुर्गाकडे गावातल्या देवळाचे गुरव आणि मानकरी यांच्याकडे चौकशी करा. कोणतं घर गावाबाहेर गेलं आणि त्याचा मान आता कोण चालवतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आडनावावरून जातही ठरत नाही. एका गावातून अनेक जातींची कुटुंबं बाहेर पडली आणि सगळी शिरोडकर झाली. ‘आडनाव एक म्हणून भाऊबंद’ हा वंशावळीतला सर्वांत मोठा अपघात आहे. भावकी जुळते ती जुनं आडनाव, कुलदैवत आणि निदान दोन पूर्वजांची नावं तिन्ही जुळल्यावर.

कागद कोणते आणि कोणत्या क्रमाने

नव्याकडून जुन्याकडे जा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सर्वांत आधी, कारण त्यात जन्मगाव तालुक्यासह असतं. मग जमिनीचे कागद: सात-बारा, आठ-अ, आणि मुख्य म्हणजे फेरफार, म्हणजे गाव नमुना 6. वारस नोंदीच्या फेरफारात मयताचं नाव आणि वारसांची नाती लिहिलेली असतात. एकेक फेरफार म्हणजे एकेक पिढी. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुने स्कॅन केलेले कागद महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’वर काही जिल्ह्यांचे मिळतात, न मिळाल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. अर्जात गट क्रमांक किंवा जुना सर्व्हे क्रमांक द्या. नुसत्या नावावर शोध घेऊन मिळणं कठीण.

सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. त्याआधीच्या कागदावर वेंगुर्ल्याचं शिरोडं रत्नागिरी जिल्ह्यात दिसेल, ते तिसरं शिरोडं समजू नका. गोव्यात जमिनीसाठी नमुना 1-14, आणि पोर्तुगीज काळातल्या जन्म-लग्नाच्या नोंदींसाठी नागरी निबंधकाचं कार्यालय आणि पणजीचं पुराभिलेख खातं. त्या नोंदींत ‘कर’ रोमन लिपीत ‘के’ऐवजी ‘सी’ने लिहिलेला असतो आणि ‘श’ बरेचदा ‘एस’ किंवा ‘एक्स’ने, म्हणून सूचीत दोन्ही जागी पाहा.

जुना कागद मोडी लिपीत असला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. गावाचं नाव मागच्या शब्दाच्या शेपटाला जोडलेलं असतं. ‘मौजे’, ‘कसबे’, ‘तर्फ’ हे शब्द आधी हुडका, गाव त्यांच्यालगत सापडतं.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गोकर्ण इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांची नावं मिळू शकतात. तिथे जाताना गाव, जुनं आडनाव, तीन पिढ्यांची नावं आणि आजोबांच्या भावांची नावं लिहून न्या. वह्या गाव-घराण्यानुसार लावलेल्या असतात, म्हणून ‘शिरोडकर’ एवढंच सांगितलं तर उपाध्ये तरी कुठलं पान उघडणार? नोंद सापडली की मूळ पानाचा फोटो मागा. वाचून सांगितलेलं लिहून घेतलं तर नावं चुकतात.

शोधताना नावाचे इतर वापर बाजूला काढा

संगणकावर ‘शिरोडकर’ टाकलंत तर आधी शस्त्रक्रियाच समोर येईल. गोव्याच्या शिरोड्यात 1899 साली जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी गर्भाशयाचं मुख कमकुवत असल्याने मधल्या महिन्यांत होणारा गर्भपात टाळण्यासाठी टाका घालण्याची पद्धत 1955 साली मांडली, आणि ‘शिरोडकर टाका’ जगभरच्या प्रसूतिशास्त्रात रूढ झाला. फोंडा तालुक्यातल्या एका गावाचं नाव परदेशातल्या शस्त्रक्रियागृहात रोज उच्चारलं जातं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण वंशावळीच्या शोधात ते निकाल गाळावे लागतात. शोधशब्दात तालुका जोडा, किंवा पिनकोडाचे पहिले तीन अंक: गोव्यासाठी 403, सिंधुदुर्गासाठी 416.

वंशावळीत नोंद कशी लिहावी

‘मूळ गाव: शिरोडा’ एवढं लिहिलं तर पुढची पिढी पुन्हा याच फाट्यावर उभी राहील. असं लिहा: शिरोडा, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग (1981 पूर्वी रत्नागिरी), जनगणना क्रमांक, जुनं आडनाव, गाव कोणत्या पिढीत सोडलं, आणि हे कशावरून ठरवलं. कशावरून, याला तीनच उत्तरं असावीत: कागद, सोयरिकी, किंवा घरातली सांगी. सांगीवरचं गाव पेन्सिलीने लिहा, आणि कागद हाती आला की शाईने करा.