सायकलचा हँडल लॉक: लावायचा कसा, जपायचा कसा आणि त्यावर किती विसंबायचं

हँडल लॉक म्हटलं की डोळ्यांपुढे स्कूटर येते. हँडल डावीकडे वळवायचं, चावी दाबून फिरवायची, खटका पडला की निघायचं. असा अंगचाच लॉक सायकलीतही असतो. फक्त आपल्याकडच्या साध्या सायकलींत तो क्वचित दिसतो. आपल्या सवयीचं कुलूप म्हणजे मागच्या चाकाच्या आऱ्यांतून जाणारं गोल कुलूप. पण नाशिकच्या पंचवटीतल्या एखाद्या वाड्यात आजोबांची इंग्लिश सायकल पडून असेल, जपानी बनावटीची सेकंडहँड हाती लागली असेल किंवा मोपेडच्या वळणाची इलेक्ट्रिक सायकल घेतली असेल, तर हँडलच्या आसपास चावीचं भोक आहे का ते एकदा बघा.

आत काय होतं?

सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा भाग, वर एका नळीत संपतो. ही नळी फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत छर्ऱ्यांवर फिरते, म्हणून हँडल वळतं. लॉक लावला की एक पोलादी खुंटी या दोन नळ्यांना अडकवते आणि वळणं बंद होतं. रॅलेच्या काही जुन्या सायकलींत हे कुलूप चिमट्याच्या माथ्यातच असे. नव्या रचनेत ते बहुधा फ्रेमच्या पुढच्या नळीत बसवलेलं असतं. जपानच्या ब्रिजस्टोन सायकल कंपनीने तिसरी तऱ्हा काढली: मागच्या चाकाचं कुलूप लावलं की एका तारेने हँडलही अडकतं. तिचं नाव ‘इप्पात्सु निजो’, म्हणजे एका दणक्यात दोन कुलपं.

हँडल अडकलेली सायकल चालवता का येत नाही? तोल जाऊ लागला की आपण नकळत पडण्याच्या दिशेला हँडल किंचित वळवतो आणि चाक आपल्या खाली आणतो. सायकल तोलून धरतात ती ही बारीक वळणंच. ती थांबली की कसलेला सायकलस्वारसुद्धा काही फुटांत पाय टेकतो. हँडल तिरकं असताना लॉक झालं असेल तर ढकलत नेणंही जमत नाही. चाकांमधलं अंतर एक मीटर आणि हँडल ४० अंश वळलेलं धरा. मागचं चाक जेमतेम १.२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात गोल गोल फिरत राहील.

इथपर्यंत छान. आता दुसरी बाजू. चोराने पुढचं चाक उचललं आणि मागच्या चाकावर सायकल ढकलली तर हँडल लॉक काहीच करू शकत नाही. मागचं कुलूपही लावलं तर त्याला आख्खी सायकल उचलावी लागेल, पण १२-१५ किलोची हायब्रिड सायकल खांद्यावर टाकणं अवघड नाही. टेम्पो असेल तर २२ किलोची इलेक्ट्रिकही जाते.

शिवाय तरफेचा हिशोब लॉकच्या विरुद्ध आहे. हँडलच्या मधोमधपासून मुठीपर्यंत साधारण ३० सेंटिमीटर. खुंटी अडकते ती नळीच्या कडेला, केंद्रापासून दीड सेंटिमीटरवर. म्हणजे वीस पट. मुठीवर २० किलोचा जोर लावला की खुंटीवर ४०० किलोचा पडतो. दोन्ही हातांनी हिसका दिला तर हलक्या लॉकची खुंटी वाकते किंवा तिचं भोक फाकतं. स्टेम म्हणजे हँडलला चिमट्याशी जोडणारा भाग; जुन्या पद्धतीच्या, चिमट्याच्या नळीत आत घातलेल्या स्टेमवर कधीकधी त्याआधी हँडलच नळीत घसरतं: हँडल फिरलं, चाक जागच्या जागी. अशा वेळी लॉक तुटलेला नसतो, पण हँडल वाकडं घेऊन घरी यावं लागतं.

तेव्हा हँडल लॉक म्हणजे उडी मारून पसार होणाऱ्याला अडवणारं कुलूप. सायकल उचलून नेणाऱ्याला अडवायचं असेल तर ती जमिनीत रोवलेल्या कशाशी तरी बांधायलाच हवी.

लॉक लावताना

१. सायकल सपाट जागी स्टँडवर घ्या. उतारावर चिमट्यावर ताण येतो आणि खुंटी भोकासमोर येत नाही.

२. हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवा, मग बोटभर मागे आणत चावी हलक्या हाताने फिरवा. काही सायकलींत लॉक सरळ हँडललाही बसतो, काहींत दोन्ही बाजूंना. आपल्या सायकलीत भोकं किती आणि कुठे आहेत, हे घरी निवांत एकदा शोधून ठेवा. रविवार कारंजाच्या गर्दीत ते शोधायची वेळ नको.

३. चावी अडली तर जोर करू नका. चावी पितळेची असेल तर ती खुंटीच्या आधी मोडते. हँडल एक-दोन अंश इकडेतिकडे हलवा; खुंटी स्वतःच भोकात पडते, हाताला टक् असं जाणवतं.

४. चावी काढा आणि हँडल दोनदा हलवून बघा. किंचित खडखड चालेल, वळता कामा नये. चावी बाहेर येत नसेल तर बहुतेक लॉकमध्ये त्याचा अर्थ एकच, खुंटी पूर्ण बसलेली नाही.

५. आता मागचं कुलूप. त्यानंतर साखळी किंवा यू-लॉक (इंग्रजी यू आकाराच्या पोलादी दांड्याचं कुलूप) फ्रेममधून आणि एखाद्या पक्क्या खांबातून. साखळीची कडी कडक केलेल्या पोलादाची, किमान ८ मिलिमीटर जाडीची असावी. प्लास्टिकच्या आवरणातली बारीक तार चांगल्या पकडीने कापली जाते. मिसळीच्या टेबलावरून सायकल डोळ्यांसमोर असेल तर ठीक, नाशिक रोड स्टेशनबाहेर दिवसभर सायकल ठेवायची तर ती तार नको.

खांब निवडतानाही डोकं लावा. वरून मोकळा, कमरेइतका खांब असेल तर साखळीसकट सायकल वरून निघते. झाडाभोवतीची पत्र्याची जाळी हाताने वाकते. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, कारण खाली दगडाचा आधार मिळाला की हातोड्याचं काम सोपं होतं. आणि चावीचं भोक खाली तोंड करून ठेवा, पावसाचं पाणी आत साचत नाही.

पावसाळ्यात गोदाघाटावर सायकल बांधून तासन्‌तास जाऊ नका. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी यायला वेळ लागत नाही. तीन कुलपं लावलेली सायकल मग कुणाला मनात असूनही वर घेता येत नाही.

लॉक काढताना

बाहेर काढताना घाई करणारे जास्त, आणि खरा धोका इथेच आहे. खुंटी अर्धवट मागे गेली आणि वळणावर पुन्हा भोकात पडली तर हँडल चालत्या सायकलवर अडकतं. ही कल्पनेतली भीती नाही. जून २०१९ मध्ये ब्रिजस्टोनला वर सांगितलेल्या दुहेरी कुलपाच्या जुन्या सायकली जपानात दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या. हँडल लॉकचं आवरण फुटून चालवताना हँडल अडकण्याचा संभव होता. तशी जुनी जपानी सायकल तुमच्याकडे असेल तर हँडलखालच्या डबीला तडा गेलाय का ते आजच बघा. तडा दिसला तर हँडलचा लॉक सरळ काढून टाका, नुसतं मागचं कुलूप ठेवा.

म्हणून सवय अशी लावा: हँडल हातात धरून ताण सैल करा, चावी फिरवा, मग सायकलवर बसण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे तीनदा फिरवा. मध्ये कुठे घासल्यासारखं वाटलं किंवा टक् झालं तर निघू नका. ज्या लॉकमध्ये चावी आत राहते, तिथे घराच्या चाव्यांचा जुडगा लटकवू नका. हिसक्यांनी सिलिंडर झिजतो, आणि जुडगा तारांमध्ये अडकतो तो वेगळाच.

तेल नको

कुलूप जड झालं की घरात जे असेल ते घालायचं, हा आपला रिवाज. त्यात पहिला मान खोबरेल तेलाला. पण खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, आणि नाशिकच्या थंडीत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो. जानेवारीत सकाळी सहाला चावी फिरत नाही आणि दुपारी आपोआप फिरते, याचं रहस्य बऱ्याचदा एवढंच असतं. ग्रीस आणि इंजिन ऑइल थिजत नाहीत, पण धूळ धरतात. आतल्या बारीक खिळ्यांभोवती चिखल तयार होतो आणि ते वर-खाली सरकत नाहीत.

कुलपात कोरडं वंगण हवं. ग्रॅफाइटची पावडर हार्डवेअरच्या दुकानात मिळते. एका वेळी चिमूटभर पुरते. नाही मिळाली तर चित्रकलेची ६बी पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना गडद घासा आणि चावी आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. आधी तेल घातलेलं असेल तर त्यावर ग्रॅफाइट टाकू नका, दोन्हींचा लगदा होतो. अशा वेळी डब्ल्यूडी-४० सारखा फवारा मारून तेल आणि पाणी बाहेर काढा, जुन्या कापडाने टिपा, एक दिवस वाळू द्या, मग ग्रॅफाइट. हा फवारा सफाईसाठी आहे, कायमचं वंगण म्हणून नव्हे.

वर्षातून दोनदा पुरे: मे संपताना एकदा आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात एकदा. भोकावरची रबरी टोपी हरवली असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लावा. दिसायला गावठी, कामाला चोख.

चावी फिरते पण खुंटी बसत नाही

दोष बहुधा कुलपात नसतो, हँडलच्या छर्ऱ्यांत असतो. छर्रे ज्यांत बसतात त्या वाट्या सैल झाल्या की चिमटा खाली-वर हलतो आणि खुंटी भोकाच्या कडेला आपटते. खात्री करायला पुढचा ब्रेक घट्ट दाबा, दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि चिमट्याच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे ढकला. बोटांना टकटक लागली तर छर्रे सैल आहेत.

नव्या सायकलीत ही दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट ४ किंवा ५ मिलिमीटरच्या अॅलन कीने सैल करा, वरच्या टोपीचा बोल्ट हळूहळू, टकटक थांबेपर्यंत आवळा, हँडल मोकळं फिरतंय ना ते बघा, मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा. स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटर. हा क्रम उलटा केला तर वरची टोपी कितीही आवळा, काही घट्ट होत नाही. आटे असलेल्या जुन्या सायकलीत वरचा नट सोडून खालची वाटी आवळावी लागते आणि त्याला दोन चपटे पाने लागतात. ते काम मिस्त्रीकडेच द्या.

चावी आत मोडली तर तुकडा बारीक चिमट्याने, चावीच्या खाचेच्या रेषेतच ओढा. फेविक्विक लावून ओढायची युक्ती करू नका, कुलूप कायमचं जाम होतं.

सायकलीत लॉकच नसेल तर

‘ड्रिलने एक भोक पाडून खुंटी बसवून देतो’ असं कुणी सांगितलं तर नम्रपणे निघून या. चिमट्याची नळी सायकलीतल्या सर्वांत जास्त ताणाच्या भागांपैकी आहे. भोकाच्या कडेला ताण एकवटतो, खड्ड्यागणिक बारीक तडा वाढतो आणि एक दिवस हँडल हातात राहतं. अॅल्युमिनियम आणि कार्बनच्या चिमट्यात तर विचारही नको.

भोक न पाडता तेच काम होतं. हँडल पूर्ण वळवा आणि आतल्या बाजूने मोजल्यास १५ ते १८ सेंटिमीटर लांबीचा छोटा यू-लॉक पुढच्या चाकातून आणि फ्रेमच्या तिरक्या नळीतून अडकवा. पुढचं चाक फिरत नाही आणि हँडल सरळ होत नाही. चाक झटपट सुटणाऱ्या खटक्याचं असेल तर तेही आपसूक बांधलं जातं. निघताना तो काढायला विसरू नये म्हणून मुठीला रंगीत फडकं बांधून ठेवा.

कागदपत्रं

सायकल घेतल्याच्या दिवशीच तीन गोष्टींचे फोटो काढून ठेवा: बिल, पेडलच्या धुऱ्याखाली कोरलेला फ्रेम नंबर आणि चावीवरचा नंबर. चावीचा नंबर जुन्या कुलपांत बारीक कोरलेला असतो, झिजण्याआधी टिपून ठेवा. चावी हरवली तर चावीवाल्याला त्यावरून सुरुवात करता येते. हा फोटो मात्र कुणाला पाठवत बसू नका, नंबरावरून चावी बनते.

सायकल चोरीला गेलीच तर गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तक्रारीत ‘काळी सायकल’ एवढंच लिहू नका. फ्रेम नंबर, टायरचा आकार आणि हँडल लॉक कुठल्या बाजूला बसतो, तेही लिहा.