रताळ्याचे काप: वरून कोरडे, आत ओले

लागवडीचं तुम्हाला ठाऊक असेलच. सरी-वरंबा, शेंड्याकडचे 4-5 डोळ्यांचे वेलाचे तुकडे, त्यातले दोन-तीन डोळे मातीत. नत्र जास्त झालं की नुसता वेल माजतो, खाली रताळी पोसत नाहीत. वरंब्याला भेगा पडल्या तर माती ओढून घ्या, रताळी पोखरणारा सोंड्या भुंगा तिथूनच आत शिरतो. शेतीचं एवढंच, कारण मी बुडालो ते वाळवणात.

पहिल्याच खेपेला 40 किलो रताळी वाफवली, बोटाएवढे जाड काप केले आणि ड्रायर थेट 80 अंशांवर लावला. काही तासांत काप हाताला कडक लागले. आनंदानं पाकिटं भरली. तीन आठवड्यांनी एक उघडलं तर आंबूस वास. काप मधोमध मोडला: वरचा थर चामड्यासारखा, आत ओला चिकट गर आणि त्यात हिरवट बुरशी. सगळा माल फेकला. त्या रात्री घास उतरला नाही.

सुरुवातीलाच जोराची उष्णता मिळाली की वरचा थर झटकन सुकतो आणि आवळतो. मग आतलं पाणी आतच कोंडतं. तुम्ही वरून दाबून पाहता, कडक लागतं, फसता. पाकिटात तेच पाणी हळूहळू बाहेरच्या थरात येतं आणि बुरशीला जागा मिळते. म्हणून 55-60 अंशच ठेवा, काप 8-10 मिलिमीटरचे करा. अर्धवट वाळले की थंड करून रात्रभर झाकणाच्या डब्यात ठेवा. सकाळी तेच काप पुन्हा मऊ लागतील. घाबरू नका, आतलं पाणी वर आलंय. आता परत ड्रायरमध्ये.

हातापेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवा. रताळ्यात घनभाग, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, 30 टक्के असेल तर 1 किलो कापांत तो 300 ग्रॅम. वजन 375 ग्रॅमवर आलं की ओलावा 20 टक्के. वाणागणिक घनभाग बदलतो, तेव्हा आधी थोडे काप पूर्ण कोरडे करून तो काढा. एवढ्या ओलाव्याचे मऊ काप फ्रिजमध्येच ठेवायचे. बाहेर टिकवायचे तर आणखी वाळवा.

‘एका दिवसात तयार माल’ सांगणाऱ्यापासून लांब राहा. मला शिकवणाऱ्यानं फक्त छान पाकिटं दाखवली होती. स्वतःचा नासलेला माल समोर ठेवून कारण सांगणारा माणूस भेटला, तर त्याचं बोट सोडू नका.

गोडीची चिंता मात्र नको. काढणीनंतर रताळी 30 अंशांच्या आसपास, दमट हवेत 4-7 दिवस ठेवा, जखमा भरतात. पुढं 13-15 अंशांत काही आठवडे ठेवली की गोडी वाढते. कच्ची रताळी फ्रिजमध्ये कधीच नको, शिजवल्यावरही गाभा टणक राहतो. वाफ सावकाश द्या, रताळ्यातल्या पिठूळ भागाची (स्टार्चची) साखर तेव्हाच होते. वाळलेल्या कापांवर कधी पांढरी भुकटी दिसते, ती बहुतेक वेळा हीच साखर असते. पाण्याच्या थेंबात विरघळली तर साखर. केसाळ दिसली किंवा कुबट वास आला तर फेका, चाखून बघू नका.

पहिली खेप 2 किलोचीच करा. त्यातले चार काप काचेच्या बरणीत घट्ट बंद करून दोन दिवस ठेवा. काचेवर आतून धुकं दिसलं तर सगळे काप पुन्हा ट्रेवर पसरा.