किड्याचा फोटो असा काढा, की नाव सांगता येईल

चतुराचे पाठीवरून काढलेले वीस सुंदर फोटो असले, तरी छातीची बाजू आणि पोटाच्या टोकाचे आकड्यासारखे अवयव दिसत नसतील तर जाणकारही हात टेकतात. म्हणून कॅमेरा उचलायच्या आधी कोणाचा कुठला भाग लागतो, हे पाठ असावं. फुलपाखराच्या पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू. ढेकूणवर्गातल्या किड्याची सोंड आणि पाठीवरचा त्रिकोण. भुंगेऱ्याच्या मिशांची टोकं. मधमाशीचा चेहरा, मागचा पाय आणि पंखांतल्या शिरा. मधमाशीचं सोंग घेतलेली सिरफिड माशी इथेच उघडी पडते: पंख दोनच आणि मिशा अगदी आखूड. त्याही आधी पाय मोजा. पहिल्या पावसानंतर लाल मखमलीच्या तुकड्यासारखा फिरणारा मृगाचा किडा आठ पायांचा, म्हणजे कोळ्याच्या नात्यातला. तो कीटक नव्हेच.

पहिला फोटो एक मीटरवरून, झाड ओळखता येईल असा घ्यावा. मग अर्ध्या मीटरवरून, मग जवळून. थेट नाकाशी भिंग नेलं की किडा उडतो आणि हाती काहीच राहत नाही. अळी असेल तर पान, फूल, खोड यांचे वेगळे फोटो हवेतच. कढीपत्त्यावरची अळी आणि एरंडावरची अळी यांची अर्धी ओळख झाडच सांगून टाकतं.

कॅमेरा आणि उजेड

९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स सगळ्यात सोयीची. एकास एक मापाला, म्हणजे किडा सेन्सरवर आहे तेवढाच उमटतो तेव्हा, तिच्या पुढच्या काचेपासून किड्यापर्यंत वीतभराहून कमीच अंतर मिळतं. ५० मिलिमीटरची साधी लेन्स उलटी बसवायची रिंग स्वस्त पडते, पण छिद्राचं (ॲपर्चरचं) नियंत्रण कॅमेऱ्यातून होणारी लेन्स उलटी लावली की छिद्र हवं तसं बदलता येत नाही. छिद्राची कडी असलेली जुनी लेन्स मिळाली तर तीच घ्या. मोबाइलवर चिमट्याची मॅक्रो लेन्स चालते. मात्र किड्याच्या दोन-तीन सेंटिमीटर जवळ जावं लागतं. अळ्या, कोष, थंडीने आखडलेले किडे यांना ती पुरते, चतुराला नाही.

सुरुवात मॅन्युअलवर करा: १/२०० सेकंद, एफ ११ (हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक), आयएसओ २०० आणि फ्लॅश. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर एकास एक मापाला एफ ११ ठेवूनही सुमारे १.३ मिलिमीटरच जाडी स्पष्ट येते; निम्म्या मापाला हीच जाडी चार मिलिमीटरच्या आसपास जाते. मग एफ २२ का नको? कारण एकास एकला एफ ११ हे प्रत्यक्षात एफ २२ सारखं वागतं. त्याहून छिद्र बारीक केलं की उजेड छिद्राच्या कडेला पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. त्यापेक्षा सेन्सर पंखाला समांतर धरा, फुकटात जास्त भाग स्पष्ट मिळतो.

उघड्या फ्लॅशने भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा जळका डाग पडतो आणि रंग जातो. फ्लॅशपुढे बटरपेपर किंवा पॅकिंगचा पातळ पांढरा फोम लावा, लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आणा. पडदा जितका मोठा आणि किड्याच्या जवळ, तितका उजेड मऊ. ऑटोफोकस बंद करून माप ठरवावं, कोपर गुडघ्यावर टेकवावं आणि डोळा स्पष्ट होईपर्यंत स्वतःच मागेपुढे झुलावं. तीन-चार फोटो सलग घ्या, एखादा साधतो.

त्र्यंबक, इगतपुरीच्या पावसात लेन्सला बुरशी धरते. डब्यात सिलिका जेल ठेवा. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते आणि पुसून पुसून हात दुखतात. अंजनेरीच्या पठारावर पाय जपून टाका. तिथल्या कंदीलपुष्प नावाच्या रानफुलाच्या नळीत बारीक माश्या काही काळ अडकून परागण करतात. माशीच्या फोटोपायी रोप तुडवलं तर काय कमावलं? राखीव वनात वनखात्याची परवानगी घ्या. किडा फ्रीजमध्ये गार करून ‘पोझ’ घेण्याचा प्रकार तर करूच नये. निफाडच्या हिवाळ्यात पहाटे दव पडलं की तो आपणहून स्तब्ध बसतो.

द्राक्षबागेत

दिंडोरी, निफाडच्या बागा म्हणजे कीटकांची उघडी शाळा, पण आधी मालकाला फवारणी कधी झाली ते विचारा. ताज्या औषधात किडे मेलेले दिसतात आणि औषध तुमच्या अंगाला लागतं ते वेगळंच.

ऑक्टोबरच्या गोड्या, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर वेलीचे डोळे (अंकुर) फुगू लागले की उडद्या हा भुंगेरा येतो. तांबूस कांस्य झाक, पाठीवर गडद ठिपके. चाहूल लागली की पाय आखडून टपकन खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. मातीत तो सापडत नाही. म्हणून काडीखाली पांढरी छत्री उलटी धरा आणि मगच काडी हलवा. सैल सालीखालीही तो लपलेला असतो.

सगळ्यात जास्त गफलत पिठ्या ढेकणाची. खोडावर पांढरी मेणचट झालर असलेलं काही दिसलं की लोक फवारा घेऊन धावतात आणि नेमका पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलेमस हा मित्रकिडा मारतात. हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढरी दिसते, पण वाढलेली अळी सेंटिमीटरभर लांब असते, मेणाचे तंतू लांब आणि विस्कटलेले असतात आणि ती भराभर चालते. पिठ्या ढेकूण चार मिलिमीटरच्या आसपास, सुस्त, एका जागी चिकटलेला. फोटोत चाल दिसत नाही, म्हणून दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. हा एक फोटो शेतकऱ्याला फुलपाखरांच्या दहा फोटोंपेक्षा कामाचा.

रात्रीचा पडदा

उजेडाकडे येणारे रात्रीचे पतंग टिपायचे तर पावसाळ्यात, अमावस्येच्या आसपास, वारा नसलेल्या दमट रात्री दोन बाय दीड मीटरची पांढरी सुती चादर ताणून बांधा. पुढे १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब किंवा अतिनील एलईडी लावा. एलईडीकडे थेट बघू नका. साडेसात ते अकरा एवढा वेळ पुरे. रात्रभर दिवा ठेवला तर पहाटे कोतवाल, बुलबुल पडद्यावर पंगत मांडतात. शेवटी चादर झुडपांवर हळू झटका. मानेवर नारिंगी-काळा, मुंगीसारखा बारीक किडा बसला तर चिरडू नका, फुंकरीने उडवा. तो पेडेरस, त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात.

वही

तारीख, वेळ, ठिकाण, उंची, झाड, किडा काय करत होता, हवा कशी होती. हे जागेवरच लिहावं, घरी गेल्यावर आठवत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असतंच. दिवसाचा पहिला फोटो मोबाइलवरच्या घड्याळाचा आणि जीपीएसच्या पडद्याचा घ्या, मग वेळ जुळवता येते.

लेख लिहिताना पाहिलेलं आणि अंदाज केलेलं वेगळं ठेवा. ‘माशी फुलावर बसली’ हे निरीक्षण, ‘माशी परागण करते’ हा दावा. अंगावर परागकण स्पष्ट दिसत असल्याशिवाय तो करू नये. जातीची खात्री नसेल तर कुळावर थांबा. दुर्मीळ किड्याचं ठिकाण लिहिताना तालुक्यापर्यंतच सांगा, नेमकं कातळ-झाड नको. आणि नाव पुढे दुरुस्त झालं तर वहीतलं जुनं खोडून टाकू नका. शेजारी नवीन नाव, ते सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा.